मागितल्याशिवाय कसं मिळेल?
कॉलेजची फी, मदतीचा अर्ज आणि तुमचं घर

मुलांनो, दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरात पेढे वाटले जातात. त्यानंतर चार-आठ दिवसांनी त्याच घरांत रात्री जेवणं झाल्यावर हळू आवाजात बोलणं सुरू होतं. 'एवढी फी कुठून आणायची?' 'गळ्यातलं मोडू या का?' 'धाकट्याला यंदा क्लास नको लावू या.' तुम्ही पांघरुणात डोळे मिटून पडलेले असता, पण कान मात्र उघडे! खरं की नाही?

मोठी माणसं समजतात की मुलांना यातलं काही कळत नाही. पण ताईच्या किंवा दादाच्या फीचा प्रश्न हा सगळ्या घराचा प्रश्न असतो, आणि आणखी चार-पाच वर्षांनी तो तुमचाही होणार आहे. म्हणून यंदा आपण सरळ त्याच विषयावर बोलू या. फी परवडत नसेल तर कॉलेजकडे मदत कशी मागायची? मदत मिळाली पण पुरत नसेल, तर आणखी कशी मागायची? हा लेख तुम्ही वाचा आणि मग आई-बाबांच्या हातात द्या. हा अंक दोघांसाठी आहे, बरं का!

लाज कसली?

सगळ्यात मोठी अडचण पैशाची नसतेच मुळी. अडचण असते ती संकोचाची. 'आपण कशाला कुणापुढे हात पसरायचे?' असं म्हणून कितीतरी पालक कॉलेजच्या कार्यालयाची पायरीही चढत नाहीत. मग एक तर सावकाराचं कर्ज होतं, नाही तर प्रवेशच सोडून दिला जातो.

पण जरा इतिहास आठवा. गोपाळ कृष्ण गोखले शिकत होते तेव्हा वडील वारलेले होते. थोरले बंधू गोविंदराव स्वतःचं शिक्षण सोडून महिना १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये गोपाळला पाठवू लागले. एका भावाचं शिक्षण थांबलं म्हणून दुसऱ्याचं चाललं. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात गोखल्यांना शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कुठे भावावरचा भार हलका झाला. आजही ज्या घरात फीसाठी एक मूल मागे राहतं, तिथे हीच गोष्ट नव्याने घडत असते. फरक इतकाच, की त्या मागे राहिलेल्या मुलाचं नाव कुणाला कळत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बी. ए. ला असताना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची मदत सुरू झाली. १९१३ मध्ये महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ही शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची आणि ३ वर्षांची होती. ३ वर्षं संपत आली, पण लंडनचा अभ्यास बाकी होता. बाबासाहेबांनी काय केलं? मुदत वाढवून मागितली! ती वाढलीसुद्धा. ती वाढीव मुदतही संपली तेव्हा १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा ठेवून परत यावं लागलं. मग त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले, छत्रपती शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्सी. मिळवली.

बघा, एवढ्या मोठ्या माणसाला शिक्षणासाठी किती वेळा आणि किती जणांकडे मदत मागावी लागली! त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मदत मिळाली तिचं त्यांनी सोनं केलं. मग तुमच्या आई-बाबांनी का लाजावं? आपल्याकडे म्हणतातच, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही!

पैसे असतात तरी कुठे?

मदतीचे तीन रांजण असतात असं समजा. पहिला सरकारचा, दुसरा कॉलेजचा आणि तिसरा समाजाचा. कोणत्या रांजणातून किती निघतं हे माहीत नसलं, की माणूस एकाच ठिकाणी तांब्या बुडवून रिकामा परत येतो.

पहिला रांजण सरकारचा. महाराष्ट्रात बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरायचे असतात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगवेगळ्या योजना आहेत. खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर तिच्यातून व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी शिकवणी फी मिळते. मुलींसाठी तर आणखी चांगली गोष्ट झाली आहे. २०२४-२५ या वर्षापासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिकवणी आणि परीक्षा फीची पूर्ण सवलत मिळू लागली. तेव्हा 'पोरीच्या शिक्षणाला एवढा पैसा कशाला?' असं कुणी म्हणालं, तर हा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखवा!

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी 'ट्यूशन फी वेव्हर' म्हणजे शिकवणी शुल्कमाफीच्या काही खास जागा असतात. मात्र पसंतीक्रम भरतानाच त्यांचा वेगळा सांकेतिक क्रमांक भरावा लागतो. प्रवेश झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची. आणि आयआयटीत प्रवेश मिळाला, तर कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असणाऱ्यांना शिकवणी फी पूर्ण माफ असते, १ ते ५ लाख असणाऱ्यांना दोन तृतीयांश माफ. 'आयआयटी आपल्याला परवडायची नाही' असं न विचारताच म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

दुसरा रांजण कॉलेजचा. याच्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते. अनेक कॉलेजांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो. माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या देणग्यांच्या व्याजातून छोट्या-मोठ्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. ग्रंथालयात 'बुक बँक' असते. तिथून वर्षभरासाठी पुस्तकांचा संच मिळतो. फीचे हप्ते पाडून देणं, वसतिगृहाच्या शुल्कात सूट देणं, हे कॉलेजच्या हातात असतं. आणि 'कमवा आणि शिका' तर आपल्या मातीतलीच योजना! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मुलं शेतात राबत, स्वतः स्वयंपाक करत आणि शिकत. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आज अनेक विद्यापीठांत कर्मवीरांच्या विचारातून 'कमवा व शिका' योजना चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज काही तास काम करायचं आणि त्याचं मानधन घ्यायचं.

तिसरा रांजण समाजाचा. विश्वस्त संस्था, ज्ञातिसंस्था, सहकारी बँका, कारखाने, गावातली मंडळं. जुन्या पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत, माधुकरी मागत. पुढे त्याची जागा संस्थांनी घेतली. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यांतून आलेल्या मुलामुलींची राहण्या-जेवण्याची सोय करते आहे. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९०१ पासूनच वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली होती.

आधी गणित करा!

'आम्ही गरीब आहोत, मदत करा' एवढंच म्हटलं तर समोरचा माणूस काय करणार? त्याला आकडा सांगावा लागतो. आणि आकडेमोड तर तुम्ही चुटकीसरशी करता! एक वही घ्या आणि आई-बाबांबरोबर बसा.

समजा, दादाला दुसऱ्या शहरातल्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. फीच्या कागदावर लिहिलंय: शिकवणी १,००,०००, विकास शुल्क १२,०००, इतर ६,०००. एकूण १,१८,००० रुपये. शाहू महाराज योजनेतून निम्मी शिकवणी फी, म्हणजे ५०,००० मिळतील. उरले ६८,०००.

पण थांबा! खर्च इथेच संपत नाही. वसतिगृहाची खोली २५,०००. जेवण महिन्याला ३,५००, असं १० महिन्यांचं ३५,०००. पुस्तकं, एसटी, वह्या, असे १२,०००. आता बेरीज करा: ६८ + २५ + ३५ + १२. झाले १ लाख ४० हजार! घरून वर्षभरात ६०,००० जमतील असं आई-बाबा म्हणतात. म्हणजे खड्डा ८०,००० रुपयांचा.

आता हा खड्डा तुकड्या-तुकड्यांनी भरायचा. वसतिगृहाची खोली माफ झाली तर २५,००० सुटले. बुक बँकेतून पुस्तकं मिळाली तर ५,००० वाचले. 'कमवा आणि शिका'मधून महिन्याला २,००० मिळाले तर १० महिन्यांचे २०,००० झाले. उरले ३०,०००. तेवढ्यासाठी एखाद्या संस्थेकडे अर्ज करायचा, आणि तेही न जमलं तरच बँकेचं शैक्षणिक कर्ज. (हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या घरचे तुम्ही मांडा.)

बघितलंत? ८०,००० ऐकून छाती दडपते. पण चार तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला एक दार सापडतं.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. कर्ज म्हणजे मदत नव्हे. ते फेडायचं असतं. २०२४ साली केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक चांगल्या संस्थांतल्या मुलांना तारण आणि जामीन न देता कर्ज मिळू शकतं. ती सोय चांगलीच आहे. पण आधी फुकटची दारं ठोठवावीत आणि मग कर्जाचं!

मदत मिळाली, पण पुरत नाही

आता आपण आजच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. एकदा मदत मंजूर झाली की विषय संपला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. आणखी मागता येतं. पण त्यासाठी कारण हवं. बाबासाहेबांनी मुदत वाढवून मागितली तेव्हा त्यांच्याकडे कारण होतं.

पहिलं कारण म्हणजे परिस्थिती बदलली. उत्पन्नाचा दाखला हा सरलेल्या वर्षाचा असतो. त्यात लिहिलेलं असतं २,४०,०००. पण त्यानंतर बाबांच्या रिक्षाला अपघात झाला, ४ महिने चाकं थांबली. किंवा अवकाळी पावसात द्राक्षं गेली. किंवा कारखाना बंद पडला. किंवा आजीच्या ऑपरेशनला साठवलेले पैसे लागले. दाखल्यावरचा आकडा तोच राहतो, पण घर मात्र ते राहत नाही! सरकारी योजना मर्यादा बघते: ८ लाखांच्या आत की बाहेर? उत्पन्न २,४०,००० वरून १,६०,००० झालं तरी तिच्या हिशेबात फरक पडत नाही. हा फरक माणूसच बघू शकतो, म्हणजे प्राचार्य, वसतिगृहाचे अधीक्षक, संस्थेची समिती. म्हणून त्यांना तो सांगावा लागतो.

दुसरं कारण म्हणजे चूक किंवा त्रुटी. महाडीबीटीवरचा अर्ज कधी परत पाठवला जातो: दाखला अस्पष्ट आहे, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही. अर्ज परत आला म्हणजे नापास झाला असं नव्हे! दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा असतो. म्हणून दर आठवड्याला अर्जाची स्थिती बघत जा.

तिसरं कारण म्हणजे धरला न गेलेला खर्च. योजना फीचे पैसे देते, पण जेवण, खोली, प्रवास यांचं काय? ते वेगळं मागावं लागतं. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार अशा योजना आहेत. आपण कोणत्या योजनेत बसतो ते नीट वाचून बघा.

गंमत म्हणजे अमेरिकेतही हाच घोळ असतो! तिथे मदतीच्या सरकारी अर्जात दोन वर्षांपूर्वीच्या आयकराची माहिती धरतात. मधल्या काळात वडिलांची नोकरी गेली तर? म्हणून तिथल्या कॉलेजच्या मदत अधिकाऱ्याला कायद्यानेच अधिकार दिलेला आहे, की कागदपत्रं तपासून त्याने त्या कुटुंबापुरता हिशेब बदलावा. पालक रीतसर पत्र लिहितात, 'आमचा फेरविचार करा' म्हणतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तुमचा एखादा मावसभाऊ किंवा आतेबहीण तिकडे असेल, तर विचारून बघा!

अर्ज असा लिहा

अर्ज एका पानाचा असावा. त्यात चार गोष्टी हव्यात: आपण कोण, काय बदललं, किती कमी पडतात, नेमकं काय हवं. हा घ्या नमुना.

---
प्रति,
मा. प्राचार्य,
(कॉलेजचे नाव व पत्ता)

विषय : वसतिगृह शुल्कात सवलत व फीचे हप्ते मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

माझा मुलगा (नाव) आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या वर्गात शिकत आहे. बारावीत त्याला (गुण) टक्के गुण मिळाले आहेत. त्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी मिळणार आहे, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.

मी रिक्षाचालक असून माझे गेल्या वर्षीचे उत्पन्न २,४०,००० रुपये होते. (महिना) मध्ये झालेल्या अपघातामुळे माझा व्यवसाय ४ महिने बंद होता. यंदाचे उत्पन्न सुमारे १,६०,००० रुपये होईल. शिष्यवृत्ती धरूनही यंदाच्या खर्चात ८०,००० रुपये कमी पडत आहेत. हिशेब सोबत जोडला आहे.

तरी कृपया (१) वसतिगृहाचे २५,००० रुपये शुल्क माफ करावे, (२) उरलेली ६८,००० रुपये फी ४ हप्त्यांत भरू द्यावी, (३) मुलास 'कमवा आणि शिका' योजनेत व बुक बँकेत सामावून घ्यावे, ही विनंती. पूर्ण सवलत शक्य नसल्यास जितकी शक्य असेल तितकी द्यावी.

सोबत : उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाची कागदपत्रे, गुणपत्रिका, रेशन कार्डाची प्रत, खर्चाचा हिशेब.

आपला विश्वासू,
(सही, नाव, दूरध्वनी क्रमांक, तारीख)
---

बघा, यात कुठे रडगाणं नाही, कुठे धमकी नाही. 'अमक्याच्या मुलाला दिलंत, मग आम्हाला का नाही?' असंही नाही. जे मिळालं त्याबद्दल आभार मानले आहेत. आणि शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण 'सगळं नाही तर काहीच नाही' असं म्हटलं की समोरच्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं.

आणखी एक. अर्जात लिहिलेला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. उत्पन्न कमी दाखवणारा खोटा दाखला जोडून मिळवलेली मदत ही कुणाच्या तरी हक्काची असते. पकडलं गेलं तर मदत जाते आणि प्रवेशही धोक्यात येतो.

कार्यालयात गेल्यावर

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोचपावती सोन्यासारखी जपा! 'तुमचा अर्ज मिळालाच नाही' असं नंतर कुणी म्हणू शकत नाही.

शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या लिपिकांशी नीट बोला. खिडकीबाहेर दोनशे मुलं उभी असतात, ते दमलेले असतात. गर्दीचे दिवस टाळून गेलात तर तेच तुम्हाला अशी एखादी योजना सांगतील, जी फळ्यावर लिहिलेली नसते. पुष्कळ कॉलेजांत विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांनाही भेटा. आणि आई-बाबांनी एकटं जाऊ नये, दादाला बरोबर न्यावं. शिकायचं त्याला आहे, तेव्हा दोन वाक्यं त्याने स्वतः बोलावीत.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जूनची वाट बघू नका. सेतू केंद्रावर तेव्हा रांग लागते. कोणत्या वर्षाचा दाखला हवा हे बघून, तो निकालाच्या आधीच काढून ठेवा. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने असे दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणं हा आपला हक्क आहे.

'इतके द्या, शिष्यवृत्ती काढून देतो' असं म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. मोबाईलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका.

'नाही' म्हणाले तर?

तर खचून जाऊ नका. नम्रपणे तीन प्रश्न विचारा. कारण काय? पुन्हा अर्ज कधी करता येईल? आणखी कुणाकडे जाता येईल? पुष्कळदा पहिल्या सत्रात निधी संपलेला असतो, पण दुसऱ्या सत्रात एखादी देणगी येते. ज्याचा अर्ज फाईलमध्ये आधीच असतो, त्याची आठवण आधी होते.

मदत मागणं ही विनंती असते, पण काही गोष्टी हक्काच्या असतात. त्या वेगळ्या ओळखा. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्याहून जास्त मागता येत नाही. देणगी घेऊन प्रवेश देण्याला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. फी राहिली म्हणून मूळ गुणपत्रिका, दाखले अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. आणि २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती असते, तिच्या वर विद्यापीठाचा लोकपाल असतो. विनंतीच्या जागी हक्काची भाषा नको, आणि हक्काच्या जागी हात जोडायला नकोत!

आणि तुम्ही काय कराल?

तुम्ही लहान आहात म्हणून गप्प बसायचं? छे! ही कामं तुमचीच.

● घरातल्या सगळ्या दाखल्यांची एक फाईल करा. वर यादी चिकटवा. ताईच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का, तपासा.
● कॅलेंडरवर अर्जाच्या शेवटच्या तारखा लाल पेनने लिहा. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, हेही लिहून ठेवा.
● आई-बाबांना ऑनलाईन अर्ज भरायला मदत करा. पण 'सबमिट' करण्याआधी दोघांनी मिळून वाचा.
● तुम्ही सातवी-आठवीत असाल तर एनएमएमएस परीक्षेची तयारी आत्तापासून करा. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ही परीक्षा आठवीत असते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. ४ वर्षांचे किती झाले? ४८,०००! पुढच्या फीचा मोठा हिस्सा तुम्हीच उभा केलात की नाही?

आई-बाबांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. फीची गोष्ट मुलांपासून लपवू नका. लपवली की मुलं आपल्या मनाने उत्तरं शोधतात. 'माझ्यामुळेच घरात ओढाताण आहे' असं वाटून एखादी हुशार मुलगी सायन्स नको म्हणते, एखादा मुलगा 'मला शिकायचंच नाही' असं खोटं सांगतो, आणि आपल्याला ते कधी कळतही नाही. त्यापेक्षा वही उघडा, हिशेब मांडा, मुलांना शेजारी बसवा. पैसे कमी आहेत हे कळल्याने मुलं खचत नाहीत. आपल्यासाठी कुणी प्रयत्न करतंय हे दिसलं की उलट ती नेटाने अभ्यास करतात.

आणि मुलांनो, ज्यांना मदत मिळेल त्यांनी एक गोष्ट विसरायची नाही. ज्या निधीतून आज तुम्हाला पुस्तकं मिळाली, तो कुणीतरी आपल्या पहिल्या पगारातून भरलेला असतो. उद्या तुम्ही कमावते झालात की त्यात आपली ओंजळ टाका. रांजण भरलेला राहिला, तरच मागून येणाऱ्याची तहान भागेल.

चला तर मग, वही-पेन घ्या आणि आज रात्रीच जेवणं झाल्यावर बाबांना विचारा, "बाबा, आपला उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा आहे हो?"